धरणं आणि सोडणं

आईच्या शौर्याचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येते ती घोड्यावरची, पाठीशी मूल बांधलेली झाशीची राणी. पण युद्धात सापडलेल्या बहुतेक आयांकडे ना घोडा असतो, ना तलवार. लेकराला आपल्याजवळ धरून ठेवायचं की दूर जाऊ द्यायचं, एवढाच निर्णय त्यांच्या हाती असतो, आणि तोही पुढचं काहीच दिसत नसताना घ्यायचा.

ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्या भंडारा जिल्ह्यात, तुमसरला, 'चले जाव'च्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. अशा दिवसांचा इतिहास हुतात्म्यांच्या नावांनी लिहिला जातो, आणि तो तसाच लिहिला पाहिजे. पण पोराला मोर्चात जाऊ द्यायचं की दाराला कडी घालायची, हा प्रश्न अशा दिवशी घराघरांत आईपुढे उभा राहतो. जाऊ देणारी तेवढी शूर आणि कडी घालणारी भित्री, हा निवाडा मला मान्य नाही.

त्याच ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्रावरच्या क्रास्नोव्होद्स्क बंदरातून पोलिश बायका-मुलांनी खच्चून भरलेली जहाजं इराणकडे निघत होती. सोव्हिएत सत्तेनं १९४० आणि १९४१ मध्ये ही कुटुंबं पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली होती. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानं त्यांची सुटका झाली खरी, पण भूक आणि टायफस पाठ सोडेनात. देशाबाहेर पडायची वाट होती ती जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर. सैनिकांच्या कुटुंबांना ती मोकळी होती, आणि पोलिश अनाथालयांतल्या मुलांना. तेव्हा काही आयांनी आपली लेकरं स्वतःच्या हातानं अनाथालयात नेऊन ठेवली. अनाथ म्हणून नोंद झाली तर तिथं भाकरीचा तुकडा मिळेल, गाडीत जागा मिळेल. लेकरू जगावं म्हणून जित्या आईनं कागदावर मरायचं! माझं मन या गोष्टीपाशी अडून राहतं. ती मुलं कुठल्या देशात पोचतील, कोण त्यांना न्हाऊमाखू घालेल, पुन्हा भेट होईल की नाही, यातलं काहीही त्या बायांना ठाऊक नव्हतं.

त्या वाटेनं बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ५,००० जण १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलंच, कारण पुरुष आघाडीवर होते. तिथं त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, मुलांची स्काउट पथकं काढली. परक्या उन्हात मुलांना रोज आपल्या भाषेत धडे घेऊन बसवणं हेही मला धैर्यच वाटतं. त्यातच १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांनी सरहद्दी हलवल्या आणि यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. अनेकांना परतायला घर उरलं नव्हतं.

आपण आईला देवी म्हणून मोकळे होतो, तेव्हा तिला अशा निवडीपुढे आणून उभे करणारेही मोकळे सुटतात. याची मला चीड येते. अनाथालयाच्या दाराशी ती आपल्या मर्जीनं गेली नव्हती.

येसूबाईंचंही तेच. १६८९ मध्ये पती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मोगलांनी रायगड वेढला. तेव्हा दीर राजारामांना गडाबाहेर पाठवून त्या सात वर्षांच्या शाहूंसह मागे राहिल्या, आणि गड पडल्यावर दोघं कैदेत गेली. औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत मूल वाढवलं. १७०७ मध्ये शाहूंना सोडलं, ते आईला ओलीस ठेवून. मुलगा दक्षिणेत येऊन छत्रपती झाला, आई मोगलांच्या ताब्यातच राहिली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून त्यांना परत आणलं, तेव्हा शाहू सदतीस वर्षांचे होते.