विहित शब्द आणि उच्चारकाचे उत्तरदायित्व

धर्मगुरू उपासनाग्रंथातून जे वाचतो, ते त्याचे स्वतःचे म्हणणे असते काय? कवी आणि कवितेतील ‘मी’ यांत आपण अंतर मानतो. नटाच्या तोंडच्या वाक्यांचा जाब नटाला विचारीत नाही. उपासनेत हे अंतर टिकत नाही. वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू प्रार्थनेचा अभिनय करीत नाही, प्रार्थना करतो. शब्द परंपरेचे असले, तरी प्रार्थनेची कृती त्याचीच असते. रोमन मिसलमधील एका प्रार्थनेच्या इतिहासात हा पेच स्पष्ट दिसतो.

पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये प्रसृत केलेल्या मिसलमध्ये गुड फ्रायडेच्या नऊ प्रार्थना आहेत. त्यांतील आठवी ज्यूंसाठी होती आणि तीत त्यांना ‘पर्फिदुस’ हे विशेषण लावलेले होते. त्याचे एक समर्थन असे की, उत्तरकालीन लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ केवळ ‘श्रद्धाहीन’ असा आहे. ‘विश्वासघातकी’ ही छटा आधुनिक युरोपीय भाषांनी त्यावर लादली. निव्वळ शब्दार्थाच्या पातळीवर हे समर्थन निराधार नाही.

परंतु उपासनाग्रंथ ही केवळ शब्दांची संहिता नव्हे. त्यात काय म्हणायचे ते काळ्या अक्षरांत आणि काय करायचे ते लाल अक्षरांत छापलेले असते. अन्य प्रार्थनांच्या वेळी गुडघे टेकण्याची आज्ञा होती. या प्रार्थनेच्या वेळी मात्र ते टेकू नयेत, असा निर्देश होता. नवव्या शतकात अमालारियसने त्याचे कारण दिले: ज्यूंनी गुडघे टेकून ख्रिस्ताची विटंबना केली. मत्तयच्या शुभवर्तमानात ही विटंबना रोमन सैनिक करतात! कोशाने शब्द कितीही सौम्य केला, तरी न वाकणारे गुडघे त्याचा कठोर अर्थच सांगत राहिले.

१९२८ मध्ये ‘आमिची इस्राएल’ या धर्मगुरूंच्या संघटनेची बदलाची विनंती रोमने फेटाळली आणि संघटनाही विसर्जित केली. गुडघे टेकण्याचा विधी १९५५ च्या सुधारणेने परत आला, तो विशेषणात्मक शब्द १९५९ मध्ये तेविसावे जॉन यांनी वगळला आणि १९७० च्या मिसलमध्ये संपूर्ण प्रार्थनाच नव्याने रचली गेली. विनंती आणि सुधारणा यांच्या मधल्या काळात युरोपातील साठ लाख ज्यूंची हत्या झाली. त्या वर्षांतही प्रार्थना तशीच वाचली जात होती.

विहित संहितेचे नैतिक मोल नाकारता येत नाही. ती उपासकांना धर्मगुरूच्या लहरीपासून वाचवते आणि त्याला स्वतःचे वेगळेपण बाजूला ठेवायला शिकवते. परंतु ‘मी केवळ वाचले’ हे उत्तर याच विनयाच्या आडोशाला उभे राहते. आज्ञाधारक वाचक शब्दांचा कर्ता नसेलही. त्यांना वर्तमानकाळ मात्र तोच देतो. म्हणून त्यांचे उत्तरदायित्व परंपरेबरोबर त्याच्याकडेही येते.