इच्छेचा हयातीचा दाखला

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढली की माणसाला वेदान्त आपोआप कळू लागतो. उदाहरणार्थ, एखादी गोष्ट वाढते आहे म्हणून ती जिवंत आहे असं समजू नये. बचत खात्यात बँक नेमानं व्याज घालते, शिल्लक वाढत राहते. पण दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानं स्वतः होऊन काहीच व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय! व्याज घालणं ही बँकेची हालचाल, खातेदाराची नव्हे. अशी दहा वर्षं गेली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली काढलेल्या एका निधीत जाऊन पडते. (पैसे बुडत नाहीत, मागितले की मिळतात. हे लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर उद्या कुणीतरी हा लेख घेऊन काउंटरवर भांडायला यायचं.)

हा नियम मी शेकडो खातेदारांना समजावला. तो आमच्या घरातल्या फळीवरच्या एका डब्याला लागू पडतो की काय, ही शंका मात्र अलीकडची.

आम्ही राहतो अष्टमीला. कुंडलिकेच्या पलीकडे रोहा, अलीकडे अष्टमी, मध्ये पूल. नगरपरिषद दोघांची एकच, पण नाव घेताना रोहा आधी. तर त्या घरात चिरंजीवांनी तो डबा आणून बसवला. त्याला नॅस म्हणतात. आकारानं बुटांच्या खोक्याएवढा. पोटात चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क. दोन्हींत तोच मजकूर लिहिला जातो, म्हणजे एक गेली तरी दुसरी शिल्लक. थोडक्यात, आठ टीबीचे पैसे मोजायचे आणि चार टीबी वापरायचे. सौ.ला हा हिशेब अजून पटलेला नाही. मलाही तो कार्बन कॉपीची उपमा दिल्यावरच पटला.

डब्याचं खरं कर्तृत्व रात्री. त्याला एकदा सांगून ठेवायचं की अमुक ठिकाणची नव्या आवकेची यादी बघ, तीत अमुक शब्द सापडला तर ते पुस्तक उतरव, अमुक फोल्डरात ठेव आणि हे सगळं रात्री एक ते पाच या वेळात कर. आणलेलं पुन्हा आणत नाही. मध्येच वीज गेली, आणि आमच्याकडे पावसात ती जातेच, तर आल्यावर जिथे थांबला होता तिथूनच पुढे. ही शिस्त आमच्या शाखेत फक्त एका शिपायाला होती. तो निवृत्त झाला.

माल चोरीचा नाही हो. अमेरिकेत ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह काढलं. आपल्याकडच्या ग्रंथालयांतली हजारो जुनी पुस्तकं स्कॅन होऊन तिथे जाऊन बसली आहेत. त्यांतली मुदत संपलेली तेवढीच आपण घ्यायची. आपला कायदा असा, की लेखक गेल्यानंतरची साठ वर्षं हक्क वारसांचा, त्यापुढे पुस्तक सगळ्यांचं. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव सार्वजनिक मालमत्ता. पु. ल. गेले २००० साली. त्यांच्यासाठी २०६१ उजाडायला हवं. तेव्हा मी असलोच तर चष्म्यासकट ऐंशीच्या पुढे.

स्कॅनची नावं रोमन लिपीत असतात. चिरंजीवांनी शब्द दिला ‘जोशी’. महाराष्ट्रात जोशी या शब्दावर नियम लावणं म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून ‘अहो काका’ अशी हाक मारण्यापैकी आहे. व्याकरणाचे जोशी आले, वैद्यकाचे जोशी आले, कुंडल्या मांडणारे जोशी तर जथ्थ्यानं आले. त्या गर्दीत एका कोपऱ्यात चिं. वि.

आज डब्यात अकराशे बेचाळीस पुस्तकं आहेत. मी उघडलेली नऊ. रोज सकाळी नोंदवहीत ओळ येते: ‘यशस्वी’. कोण यशस्वी? मी तर झोपलो होतो! शिवाय मी पडलो कॉमर्सचा. जे येतं ते नावे, जे जातं ते जमा, एवढं तरी पक्कं ठाऊक आहे. मग घरात फुकट ग्रंथ आला तर त्याची दुसरी नोंद कुठे करायची? वाचायला लागणारे तास अजून खर्ची पडलेलेच नाहीत. खतावणी जुळत नाही.

प्रश्न नीतीचा आहे. जी वस्तू मी मागितली, पण आली तेव्हा मला पत्ताच नाही, ती मला हवी होती असं म्हणता येईल का?

माझ्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे, त्यामुळे तिकडचं परिपत्रक आम्ही घरचं पत्र आल्यासारखं वाचतो. गंमत अशी, की ज्या दिवशी चिं. वि. मोकळे झाले त्याच दिवशी, १ जानेवारी २०२४ ला, निष्क्रिय खात्यांचं सुधारित परिपत्रक निघालं. त्यात खुलासा आहे: मुदत ठेवीचं व्याज बचत खात्यात जमा करा असं खातेदारानं सांगून ठेवलं असेल, तर ते जमा होत राहीपर्यंत खातं चालू धरावं. म्हणजे एकदा सांगितलेलं पुरतं! मीही डब्याला सांगून ठेवलंय. सुटलो.

पण कारकुनी मन स्वस्थ बसू देत नाही. मुदत ठेवीला मुदत असते. आपोआप नूतनीकरण झालं तरी पावतीवर तारीख छापलेली असते. माझ्या जोश्यांच्या नियमावर तारीखच नाही.

हे मी अण्णांपुढे मांडलं. अण्णा म्हणजे वडील, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “आगोट भरतो तेव्हा भूक लागलीय का असं कोण विचारतो? मेमध्ये तांदूळ, कांद्याच्या माळा, मिरच्या, पापड भरून ठेवतोच ना?”

“पण अण्णा, आगोट तोंडं मोजून भरतात. नारळी पौर्णिमा आली की संपते. या डब्याला नारळी पौर्णिमा नाही.”

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरोबर. शिवाय आगोटीला किडे लागतात, म्हणून बाई अधूनमधून ऊन दाखवते. तू काय दाखवतोस?”

ते नोव्हेंबरातले दिवस. शाखेत हयातीच्या दाखल्यांची गर्दी. हल्ली फोनवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण आमच्याकडचे पेन्शनर बँकेत येऊनच जिवंत राहणं पसंत करतात. अण्णाही पूल ओलांडून आले, माझ्याच समोर उभे राहिले. बाप समोर धडधडीत उभा असताना मी त्यांची सही घेतली. हसण्यासारखं आहे खरं, पण नियम मला आवडतो. गेल्या वर्षी होतात हे मान्य. यंदा आहात का? माणसाला विचारतो, मग इच्छेला का विचारू नये?

त्या रविवारी डब्यातले सगळे नियम एकेक करून अण्णांपुढे वाचले. व्याकरण? “बंद कर.” वैद्यक? “माझी औषधं मला पुरेत.” कुंडल्या? त्यांनी नुसतं बघितलं. चिं. वि.? “ते राहू दे. पण आत्ता एक लाव.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक अक्षर त्यांना जड जातं. मी वाचायला बसलो. स्कॅनच्या शेवटी ग्रंथालयाची तारखांची चिठ्ठीसुद्धा आली होती, शिक्क्यावर शिक्के. एकेक शिक्का म्हणजे एकेक माणूस चपला घालून गेलेला. अण्णांनी ती आधी वाचायला लावली. मग पुस्तक सुरू झालं. सौ. हातातलं टाकून दारात येऊन उभी राहिली.

एका गोष्टीच्या मध्येच माझं वाचन अडलं. चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस. मधली दोन पानं स्कॅन करणाऱ्याच्या हातून सुटलेली. डब्याच्या नोंदवहीत मात्र ‘यशस्वी’च.

“का थांबलास?” अण्णा म्हणाले. मी कारण सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. रोह्याच्या वाचनालयातून हे पुस्तक त्यांनी सातवीत असताना आणलं होतं. पुढे काय होतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि त्रेचाळिसाव्या पानाच्या पहिल्या ओळीपाशी मला आणून सोडलं.