उपासमारीचा सातबारा

मे १६०७मध्ये १०४ इंग्रज पुरुष आणि पोरं व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी उतरली. वसाहतीसाठी जागा निवडताना पाहिलं ते एवढंच : स्पॅनिश जहाजांची नजर पडू नये आणि जहाज थेट काठाला लागावं. पिण्याच्या पाण्याचा विचार मागे पडला. उन्हाळ्यात नदीत भरतीचं खारं पाणी चढे. हगवण आणि तापाने माणसं पटापट गेली. पाच जणांत दिवसाला भांडंभर शिजवलेलं जव मिळे, असं वसाहतीतल्या जॉर्ज पर्सीने लिहून ठेवलं आहे. जानेवारी १६०८मध्ये ३८ जण उरले.

त्याहून भीषण १६०९-१०चा हिवाळा. वसाहतीच्या कोटात तीनेकशे माणसं होती. वसंतात साठच्या आसपास उरली. घोडे, कुत्री, उंदीर संपले, बुटांचं चामडंही खाल्लं गेलं. २०१२मध्ये तिथल्या एका तळघरात, जनावरांच्या हाडांच्या ढिगात, चौदा वर्षांच्या इंग्रज मुलीची कवटी सापडली. कपाळावर चार उथळ घाव आहेत, चाचरत घातलेले. मागचे घाव मात्र खोल आहेत. भुकेने माणसाचं मांस खाल्लं गेल्याच्या या खुणा.

या हालांचं खापर शौर्यकथा सांगणारे रानटी मुलखावर फोडतात. पण त्याच मुलखात मूळनिवासींचा प्रमुख पोव्हाटन याच्या सत्तेखाली हजारो माणसं नांदत होती. मका, मासे, कंदमुळं यांच्या हंगामाप्रमाणे ती जागा बदलत. तिथल्या सायप्रस वृक्षांची वर्तुळं सांगतात, की १६०६ ते १६१२ हा साडेसातशेहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता. म्हणजे यजमानांचीच कणगी रिकामी होत होती, आणि पाहुणे आधी मणी-तांबं देऊन, मग बंदूक रोखून मका मागत होते. अखेर पोव्हाटनने कोटाची नाकेबंदी केली. त्या हिवाळ्यातल्या उपासमारीत दुष्काळाइतकाच या वैराचा वाटा होता.

तिसरा वाटा लंडनचा. ही वसाहत उभारणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा सूत्रधार सर टॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही प्रमुख. १६०८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज सुरतेला लागलं, जिथे बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरलेला होता. व्हर्जिनियात मात्र नांगर धरणारे हात हवे असताना सोनार, धातू गाळणारे, एक अत्तरवालासुद्धा पाठवला गेला. परतीच्या जहाजातून चकाकती माती गेली. तिच्यात सोनं नव्हतं. भागधारकांना नफ्याची घाई होती, आणि ती घाई वसाहतवाल्यांच्या पोटावर आली.

आम्ही सोसलं म्हणून ही भूमी आमची, हा दावा पुढे वसाहतींच्या इतिहासात वारंवार झाला. सोसणं खरंच होतं. पण जमीन कोणाच्या नावावर चढली? तंबाखूचं पीक लागल्यावर १६१८मध्ये कंपनीने नियम केला : जो एका माणसाचं जहाजभाडं भरेल, त्याला ५० एकर. राबायला करारावर बांधलेले नोकर आले, १६१९मध्ये पळवून आणलेले आफ्रिकी उतरवले गेले. हजारो माणसं ओतूनही १६२५च्या शिरगणतीत जेमतेम बाराशे भरली. मेलेल्याच्या नावावर काही चढलं नाही. त्याचं भाडं भरणाऱ्याच्या नावावर एकर चढले.

तेव्हा वसाहतवाल्यांच्या हालांबद्दल हळहळायला हरकत नाही. त्या हालांवरून मालकी सिद्ध करायला मात्र हरकत घेतलीच पाहिजे. उपासमार हाच जमिनीचा पुरावा मानायचा, तर ज्यांचा मका दुष्काळात लुटला गेला, त्यांचा दावा पहिला ठरतो.