वकिलाचा स्वार्थ

फी घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाची त्या बाजूवर श्रद्धा असते काय, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित मंडळींत वारंवार निघतो. आमच्या मतें तो प्रश्न अपुरा आहे. श्रद्धा पूर्ण असून, किंबहुना ती बाजू स्वतःचीच असूनहि, वकील नीतीच्या पेंचांत सांपडतो. अशा एका वकिलाची हकीकत आम्ही येथें देत आहों. त्याचें नांव मराठी कानाला परकें वाटणार नाहीं.

सखाराम गणेश पंडित यांचा जन्म १८७५ सालीं अहमदाबादेस झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते अमेरिकेस गेले. १९१४ मध्यें लॉस एंजेलिस येथील न्यायालयानें त्यांना नागरिकत्व दिलें, व १९१७ च्या अखेरीस त्यांनीं कॅलिफोर्नियांत वकिलीची सनद मिळविली. १७९० च्या कायद्यानें तेथें नागरिक होण्याचा हक्क केवळ 'स्वतंत्र गोऱ्या' परदेशीयास दिलेला होता; १८७० मध्यें आफ्रिकी वंशीयांनाहि दार उघडलें. हिंदी मनुष्यानें कोणत्या दारानें आंत शिरावें? आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. ज्याला नागरिक होतां येत नाहीं त्याला कॅलिफोर्नियांत शेतजमीनहि विकत घेतां येत नसे.

अमृतसर जिल्ह्यांतील भगतसिंग थिंड हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां त्यांच्या वकिलांत पंडित होते. युक्तिवाद असा कीं, उत्तर हिंदुस्थानांतील उच्चवर्णीय हे आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून कायद्याच्या अर्थानें गोरे. आणि जातिबंधनांमुळें त्यांचें रक्त शुद्ध राहिलेलें आहे.

येथें आम्ही थबकतों. दार अरुंद आहे हा अन्याय, असें हा युक्तिवाद म्हणत नाहीं. दार अरुंदच असूं द्या, पण आम्ही आंतले आहों, असें म्हणतो. बाहेर मग कोण राहतो? जपानी मनुष्य राहतो, आणि आपल्याच देशांतील अस्पृश्य व आदिवासी राहतात. वकील म्हणजे विधिमंडळ नव्हे, हें आम्ही जाणतों. अशिलाची जमीन जात असतां स्वतःचें तत्त्व मिरविणारा वकील आम्हांला मुळींच नको. 'कॉकेशियन' हा शब्द त्या कायद्यानेंच गळ्यांत बांधला होता. परंतु जातीचा अभिमान कोणीं बांधला? तो सामानाबरोबर घरूनच नेलेला होता. (आपल्या बैठकींतहि तो अद्याप कोठें ना कोठें ठेवलेला आढळतो.)

त्याचा उपयोगहि झाला नाहीं. न्यायमूर्ति सदरलँड यांनीं नोव्हेंबर १९२२ मध्यें ताकाओ ओझावा या जपान्याला नाकारतांना गोरा म्हणजे कॉकेशियन असें म्हटलें होतें. तीनच महिन्यांनीं, १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं, त्यांनींच सांगितलें कीं शास्त्र बाजूस राहूं द्या, सामान्य माणसाची समजूत काय तें पहा!

या निकालानंतर आधीं नागरिक झालेल्या हिंदी लोकांचें नागरिकत्व रद्द करण्याचे दावे सरकारनें लावले. त्यांत वकिलाचेंहि नांव होतें. आतां फी नव्हती; होता तो केवळ स्वार्थ. नागरिकत्व गेलें तर धंदा धोक्यांत. आणि पत्नी जन्मानें अमेरिकन असली तरी १९२२ च्या कायद्यान्वयें अशा मनुष्याच्या पत्नीचेंहि नागरिकत्व संकटांत. परंतु ज्या मुद्द्यावर पंडितांना जय मिळाला त्यांत रक्ताचा शब्द नाहीं. १९१४ मध्यें सरकारनें हरकत घेतली, न्यायालयानें ती ऐकून निकाल दिला, सरकारनें अपील केलें नाहीं. तोच प्रश्न पुन्हा उकरतां येणार नाहीं. अपील न्यायालयानें १९२६ मध्यें हें मान्य केलें, १९२७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हात घालण्याचें नाकारलें, आणि सरकारनें उरलेले दावे सोडून दिले.

परोपकारासाठीं केलेला युक्तिवाद डागाळलेला, आणि स्वतःचें घर वांचविण्यासाठीं केलेला स्वच्छ, शिवाय इतरांनाहि तारणारा! हेतूवरून माणसाचें मोल ठरविण्याची आमची संवय येथें पंगु होते. अर्थात् कांहींना हा जय उशिराचा ठरला. सॅन फ्रॅन्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचें नागरिकत्व गेलें तें गेलेंच; १९२८ मध्यें त्यांनीं आत्महत्या केली.

१९४६ च्या कायद्यानें हिंदी मनुष्यास तेथें नागरिक होण्याची मुभा मिळाली. गोरा ठरवून नव्हे, हिंदी म्हणूनच. पंडित तेव्हां सत्तर वर्षांचे होते.