भटका ग्रह आणि परीक्षितीचे सात दिवस

संतसज्जनहो, भय दोन प्रकारचे असते. एक हाताला काम देते, दुसरे हातचे काम सोडायला लावते. कोणते बाळगावे आणि कोणते टाकावे, एवढाच आजच्या निरूपणाचा विषय.

पालघर, बोईसर-तारापूरकडे कीर्तनाला गेले की एक शंका हटकून कानी येते : "महाराज, एक प्रचंड ग्रह पृथ्वीजवळून जाणार म्हणतात. मग आपले कसे व्हायचे?" ही शंका हसण्यावारी नेऊ नये.

स्वतःचा सूर्य नसलेले भटके ग्रह आकाशात आहेत, असे खगोलशास्त्रज्ञांना आढळले आहे. गुरूएवढा असा ग्रह जवळून गेला तर? सातपाटीच्या कोळीदादाला विचारा, पुनवे-अवसेला उधाण का येते? चंद्रसूर्याच्या ओढीने. गुरू चंद्राहून सुमारे २६ हजार पट जड. तो चंद्राच्या तीसपट अंतरावरून, म्हणजे सुमारे १ कोटी १५ लाख किलोमीटरांवरून गेला, तरी चंद्राएवढी भरती आणील. चंद्राच्या जागी आला तर २६ हजार पट! मग केळव्याचा किनारा कुठला आणि चिंचणी कुठली? जमीनही ताणली जाईल, पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट बदलेल, ऋतू बिघडतील. खोटे सांगून धीर देणे हे कीर्तनकाराचे काम नव्हे.

पण असा ग्रह येतो आहे काय? नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर. मधले सारे जवळजवळ रिकामे. शिवाय एवढा पिंड येता, तर तो कितीतरी वर्षे आधी दुर्बिणीला दिसता आणि इतर ग्रहांची चाल त्याने बिघडवली असती. २०१२ च्या डिसेंबरात 'निबिरू' ग्रहाची अशीच आवई उठली होती. तारीख आली, गेली. ग्रह नव्हताच!

त्याआधीची १९६२ ची अष्टग्रही जुन्या मंडळींना आठवत असेल. फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना आठ ग्रह मकर राशीत आले आणि जगबुडीची हाकाटी झाली. ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. अहो, ते ग्रह एका दिशेला दिसले, एकमेकांजवळ आले नव्हते. आठवा केतू तर पिंडच नव्हे; आपल्या सिद्धांतग्रंथांत त्याला 'पात' म्हणतात, तो गणिताचा बिंदू! जग बुडाले नाही. त्याच महिन्यात देशात लोकसभेच्या निवडणुका झाल्या.

आता खरे भय पाहा. २०१८ च्या नोव्हेंबरापासून याच जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धरणी वारंवार हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून बाहेर धावताना पडून एक लेकरू दगावले. माणसे थंडीत तंबूत निजली. हे भय टाकायचे नाही. ते काम सांगते : कच्ची भिंत सावरा, उशाशी जड वस्तू ठेवू नका, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा, शेजारच्या म्हाताऱ्याला हात द्या. हाही धर्मच आहे, बरे का!

मग ज्यावर उपायच नाही, त्याचे काय करावे? भागवतातला दृष्टांत घ्या. परीक्षितीला शाप झाला, सातव्या दिवशी तक्षक डसणार. आपल्याला आवईची तारीख मिळते, त्याला खरी मिळाली होती. त्याने शुकाचार्यांना काय विचारले? 'मी वाचेन कसा', हे नव्हे. 'मरणाऱ्याने काय करावे', हे विचारले आणि गंगातीरी सात दिवस हरिकथा ऐकली. शुकांनी त्याला खट्वांग राजाची गोष्ट सांगितली. त्याच्यापाशी एकच मुहूर्त उरला होता. तेवढ्यात त्याने सारे सोडून हरीला गाठले. तुला तर सात दिवस आहेत, राजा!

तात्पर्य काय? प्रत्येकाचा शेवटचा दिवस ठरलेलाच आहे. त्यासाठी ग्रह यावा लागत नाही. तो दिवस कोणता, या चिंतेत आजचा दिवस घालवणे हेच खरे नुकसान. सूर्य सुटलेला ग्रह अंधारात भटकतो, तसे नाम सुटलेले मन अफवेमागे भटकते. त्याला विठ्ठलाभोवती फिरू द्या. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याने पाळीला जावे, होडीवाल्याने भरती पाहून होडी लोटावी, आणि मुखी नाम असावे.

राम कृष्ण हरि!