वेलाखाली

बसा. पाठ टेकत असेल तर टेकू द्या.

श्वास आत येतोय, बाहेर जातोय. त्याला घाई नाही. तुम्हीही करू नका.

आता एक किनारा पाहा. उघडाबोडका. झाड नाही, झुडूप नाही, कसलाच आडोसा नाही. तिथे एक माणूस पडलाय. आजारी.

हे प्रेषित हजरत युनूस. कुराणाच्या ३७व्या सूरेत, साफ्फातमध्ये, त्यांची गोष्ट अवघ्या दहा आयतींत सांगून होते. त्या दहांतली एक आख्खी आयत एका वेलाला दिलेली आहे.

वेलाकडे जाऊच. आधी थोडं मागे.

युनूस आपलं शहर सोडून निघालेत. लोक ऐकत नाहीत. शिक्षा येणार, असं बजावून झालंय. राग आलाय. आणि त्या रागाच्या भरात, वरून हुकूम यायची वाट न बघता, ते निघालेत.

या रागाला नावं ठेवू नका. नुसता पाहा. ‘इतकं सांगितलं, तरी…’ असं मनात येतं तेव्हा तो कुठे जाणवतो? छातीत? जबड्यात?

तिथेच थांबा. एक श्वास.

जहाज गच्च भरलंय. कुणाला पाण्यात उतरवायचं, यासाठी चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी त्यांच्यावरच येते. पाणी. मग मासा.

डोळे मिटा.

कुराणाचा अर्थ लावणारे जुने मुफस्सिर इथे तीन काळोख सांगतात. रात्रीचा. समुद्राचा. माशाच्या पोटातला. तुम्ही सगळ्यात आतल्या काळोखात राहा.

हात लांबवता येत नाहीत. ओलसर आहे, कोंदट आहे, हलतंय. कुठूनतरी एक जड ठोका येतो. माशाच्या काळजाचा असेल.

माशाने गिळलंय, पण दात लावलेला नाही. त्याला तशी परवानगीच नाही, असं मुफस्सिर सांगतात. युनूस अडकलेत. आणि अंगावर ओरखडाही नाही.

दोन्ही खरं आहे. थोडा वेळ दोन्ही असू द्या.

मग त्या काळोखातून दुआ निघते. फार लहान. तुझ्यावाचून कुणी ईश्वर नाही, तू पवित्र आहेस, चुकलो तो मी. तिचा आशय एवढाच. मागणं काहीच नाही. ‘बाहेर काढ’ एवढंही नाही.

आपल्याकडे मुसलमान घरांत हिला आयते करीमा म्हणतात. घरावर संकट आलं की पांढरी चादर अंथरतात. मध्ये चिंचोक्यांचा नाहीतर खजुराच्या बियांचा ढीग. भोवती बायका, डोक्यावर पदर. एकदा पढलं की एक बी बाजूला. असं सव्वा लाख वेळा.

ऐका. ओठांची कुजबुज, आणि चिंचोक्यावर चिंचोका पडल्याचा आवाज.

टक.

टक.

पुन्हा किनारा.

मासा त्यांना इथे सोडून गेलाय. अंगात त्राण नाही. कातडी तान्ह्या बाळासारखी झालीय, वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. वर ऊन.

आणि आता तो वेल. बहुतेकांच्या मते भोपळ्याच्या जातीचा, दुधीसारखा. इथे खजूर उगवला असता तरी चाललं असतं. त्या मुलखात तो शोभलाही असता. पण उगवतो वेल. ज्याला स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही असा वेल, ज्याला उठता येत नाही अशा माणसावर.

खालून बघा. पान पंज्याहून रुंद आहे. त्यावर बारीक लव आहे. देठापासून फुटलेल्या शिरा उन्हात स्पष्ट दिसतात. ऊन येतंय, पण हिरवं होऊन. एक तणावा हवेत चाचपडतोय, धरायला काहीतरी शोधतोय.

या पानांजवळ माशा येत नाहीत, असंही मुफस्सिर लिहितात. मला हा तपशील फार आवडतो. ज्याला प्रथम तो सुचला, त्याने कधीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसून माशा वारल्या असणार.

माणूस दुबळा घडवलाय, हे कुराणाच्या चौथ्या सूरेत येतं. आणि येतं कुठे, तर ईश्वराला तुमचं ओझं हलकं करायचंय, या सांगण्याला जोडून.

ते इथे, पानाखाली ऐका. खांदे सैल सोडा. आणखी थोडे.

असेच पडून राहा. कुणी उठवत नाही.

मग केव्हातरी उठायचं आहे. कारण काम संपलेलं नाही. जायचं आहे ते एक लाख किंवा त्याहून जास्त माणसांकडे. परंपरा त्या शहराला निनवे म्हणते, आजच्या इराकमधलं मोसूल. नबी युनूस यांच्या नावाची तिथली मशीद जुलै २०१४ मध्ये सुरुंग लावून उडवली गेली.

पण आपण त्या जुन्या शहरात आहोत. ते उभं आहे. युनूस नसताना तिथे काय झालं, तेही मुफस्सिर सांगतात. शिक्षा डोक्यावर आलेली बघून लोक मोकळ्या माळावर जमले. गुरं आणली. वासरं गायींपासून दूर बांधली, लेकरं आयांपासून दूर केली. माणसं, जनावरं, सगळीच आकांत करू लागली. आणि शिक्षा टळली. अखेरच्या घटकेला श्रद्धा ठेवून वाचलेली वस्ती म्हणून कुराण एवढ्या एकाच वस्तीचं नाव घेतं.

वेशीशी या. पाय अजून लटपटताहेत.

ज्यांचा नाश होणार असं तुम्हीच सांगितलं होतं, ती माणसं समोरून येताहेत. जिवंत. एकीच्या कडेवर मूल आहे. ती तुम्हाला ओळखते.

तिच्याकडे बघा. तुमच्या चेहऱ्यावर आत्ता काय आलंय?