दाखल्यावरची सही



येत्या आठवड्यात शाळा सुरू होत आहेत. गणवेश शिवून आले असतील, वह्यांना कव्हरे घालून झाली असतील, माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरल्या असतील. आजच्या मिस्साबलिदानात आपण विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासाठी विशेष प्रार्थना करणार आहोत. मिस्सानंतर मुलांच्या दप्तरांना आशीर्वाद दिला जाईल. त्यापूर्वी एका विषयावर तुमच्याशी मोकळेपणाने बोलावे असे बरेच दिवस मनात आहे. हा विषय शाळेच्या वर्गातला नाही, शाळेच्या दारातला आहे. आणि पुष्कळदा त्याची सुरुवात आपल्या पॅरिश ऑफिसात होते.

गेल्या जानेवारीत एक जोडपे ऑफिसात आले. सोबत पाच वर्षांचा मुलगा होता. (त्यांना विचारूनच हे लिहीत आहे, नाव-गाव मात्र सांगणार नाही.) वडील इथलेच. त्यांची आई अजून इथेच जुन्या घरात राहते. लग्नानंतर घर अपुरे पडू लागले म्हणून हे दोघे रेल्वेच्या पलीकडे, दुसऱ्या धर्मग्रामात फ्लॅट घेऊन राहिले. मुलाला मात्र इकडच्या शाळेत घालायची त्यांची इच्छा होती. आपल्या राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिलेला आहे. त्या आधारे अशा काही शाळा थोड्या जागा स्थानिक ख्रिस्ती मुलांसाठी ठेवतात आणि त्यासाठी धर्मगुरूचा दाखला मागतात.

आई म्हणाली, "फादर, आम्ही पाच वर्षं इथेच राहतो, एवढंच लिहा. दोन ओळींनी कोणाचं काय बिघडणार आहे? पोराचं आयुष्य मात्र घडेल."

मुलगा बाकावर बसून जुन्या नाताळ कार्डावरच्या मेंढराला निळ्या पेनाने रंग देत होता. मान खाली होती, पण कान आमच्याकडेच होते.

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले होते.

माझ्या कागदातली चूक

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. असेच एक कुटुंब आले. चांगली माणसे, ओळखीची, चर्चच्या कामात पुढे असणारी. त्यांनी तीच विनंती केली आणि मी सही केली. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना ‘असत्यकथन’ या विषयावर मी पंधरा पानांचा निबंध लिहिला होता. सही करताना त्यातले एक पानही आठवले नाही. मनात एवढेच होते की, आपण एका लेकराचे भले करीत आहोत.

त्या वर्षी जागा भरल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार चालवणारी एक बाई रोज सकाळच्या मिस्साला येत असे. तिच्या मुलीचे नाव यादीत आले नाही. ती मला भेटायला आली. तक्रार करायला नव्हे. तिने फक्त विचारले, "फादर, आमच्या कागदात काही चूक राहिली होती का?"

तिच्या कागदात काहीच चूक नव्हती. चूक माझ्या कागदात होती.

माझ्या त्या सहीमुळेच तिच्या मुलीची जागा गेली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तसे झाले नसेल, असेही मी म्हणू शकत नाही. मी पापनिवेदन केले. क्षमा मिळाली. मुलीला दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी धावपळ केली, फीची व्यवस्था केली. परंतु त्या बाईला खरे सांगण्याचे धैर्य मला सहा महिने झाले नाही. शेवटी सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, फादर." त्यानंतर कित्येक आठवडे ती माझ्या मिस्साला आली नाही. तिचा मला राग आला नाही. माझा मात्र आला.

‘कोणाचं काय बिघडणार आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मी त्या बाईकडून शिकलो. ज्याचे बिघडते तो त्या वेळी ऑफिसात हजर नसतो. तो बाहेर रांगेत उभा असतो आणि त्याला काहीच ठाऊक नसते. परमेश्वराची आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते, आणि निर्गम ग्रंथातील तिच्या शब्दांत शेजाऱ्याचा उल्लेख आहे, याचा अर्थ मला तेव्हा उमगला. खोटी साक्ष हवेत विरून जात नाही. ती कोणत्या ना कोणत्या शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन पडते.

तत्त्ववेत्ते आणि आजी

या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ विचार केलेला आहे. संत ऑगस्टीनने असत्य या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांपैकी पहिल्यात, म्हणजे इ. स. ३९५च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात, त्याने खोटे बोलण्याचे आठ प्रकार सांगितले. कोणाचेही नुकसान न करता दुसऱ्याला मदत करणारे खोटे हाही त्यातला एक प्रकार आहे. सगळे प्रकार सारखेच गंभीर नाहीत, हे तो मान्य करतो; पण त्यातला एकही योग्य ठरवत नाही.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एक कसोटी सांगितली. आपण जे करतो ते सर्वांनी करावे, असा नियम झाला तर काय होईल? ही कसोटी आपल्या दाखल्याला लावून पाहा. सर्व धर्मगुरूंनी खोटे दाखले दिले तर कोणतीही शाळा दाखल्यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणजे माझा खोटा दाखला चालतो तो इतरांचे दाखले खरे असतात म्हणून. इतरांच्या प्रामाणिकपणावर मी फुकट जगतो.

माझ्या आजीने यातले काहीच वाचले नव्हते. ती अंगठा उठवीत असे. तिच्याकडे दोन म्हशी होत्या आणि गावातल्या दहा-बारा घरी तिचा दुधाचा रतीब होता. एखाद्या दिवशी म्हैस कमी दूध देई. विहीर दारातच होती. पण आजी घरोघर जाऊन सांगे, "आज अर्धंच आहे गं." त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांना काळा चहा मिळे. आम्ही मुले कुरकुर करायचो. ती उपदेश करीत नसे. चहात गूळ थोडा जास्त घालीत असे. ऑगस्टीन आणि कांट मला सेमिनरीत भेटले, परंतु त्यांचे म्हणणे मला पटले ते त्या काळ्या चहामुळे. आपल्या शेतकरी, रतीबवाल्या, भाजीवाल्या पूर्वजांची संस्कृती म्हणून आपण लग्नातली गाणी आणि जुना पेहराव जपतो. ते जपावेच. पण त्यांचे खरे माप हा त्याहून मोठा वारसा आहे.

एका मुलाचा शाळाप्रवेश

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, एकाच दिवशी, दोन जाहीरनामे प्रसिद्ध केले. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयी, दुसरा ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या आपल्या नात्याविषयी. पहिला सांगतो की, मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईवडीलच होत. दुसरा सांगतो की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. हे दोन्ही जाहीरनामे मनात ठेवून आपल्या भूमीतली एक जुनी कथा ऐका.

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम नावाचा मुलगा आहे. त्याला गौतम ऋषींकडे शिकायला जायचे आहे. तिथे गोत्र विचारतील म्हणून तो आईला विचारतो. आई जबाला त्याला खरे सांगते: तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवा करीत फिरले, त्या काळात तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. मुलगा गुरूपुढे जातो आणि आईने सांगितलेले जसेच्या तसे सांगतो. गुरू त्याला हाकलून देत नाहीत. हा सत्यापासून ढळला नाही म्हणून ते त्याला शिष्य करून घेतात.

पाहा, ही शाळाप्रवेशाचीच गोष्ट आहे. अर्जातला एक रकाना रिकामा होता. तिथे एखादे बरे गोत्र लिहिणे आईला सहज शक्य होते. तिने रकाना रिकामा ठेवला. मला या कथेत गुरूपेक्षा आई मोठी वाटते. सत्यकामाचे शिक्षण आश्रमात सुरू झाले नाही. ते घरातून निघतानाच सुरू झाले होते.

आपल्या पवित्र शास्त्रातही असाच एक प्रसंग आहे. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नव्वद वर्षांचा शास्त्री एलाझार आपल्याला भेटतो. निषिद्ध मांस खाण्याची त्याच्यावर सक्ती होते. त्याचे जुने परिचित हळूच सुचवतात: स्वतःचे, तुला चालणारे मांस घेऊन ये आणि राजाज्ञेचे मांस खाल्ल्याचे नुसते नाटक कर; जीव वाचेल. कायदाही मोडत नव्हता, फक्त देखावा करायचा होता. एलाझार नकार देतो आणि कारण सांगतो तरुणांचे. मी ढोंग केले तर तरुण मुले काय समजतील? ती माझ्यामुळे फसतील. तो मरण पत्करतो.

आपल्याला कोणी मरण पत्करायला सांगत नाही. फार तर एक जागा जाईल.

व्यवस्थाच तशी आहे, तर?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "फादर, श्रीमंत लोक पैसे मोजून प्रवेश घेतात. आमच्याकडे ओळखीशिवाय आहे काय?" हा प्रश्न खरा आहे आणि त्यातली वेदनाही खरी आहे. चांगल्या शाळा थोड्या आणि मुले अधिक, हा अन्याय पालकांनी निर्माण केलेला नाही. परंतु खोट्या दाखल्याने श्रीमंताची जागा जात नाही. ती जाते आपल्यासारख्याच दुसऱ्या गरजूची, ज्याच्याकडे ओळख नाही. अन्यायाविरुद्ध बोलायचे असेल तर उघड बोलू या, मिळून बोलू या. मी तुमच्याबरोबर असेन.

प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात शपथ घेण्याची गरजच काढून टाकतो. आपला होकार खरा असावा आणि नकारही खरा असावा, एवढे पुरे, असे तो शिकवतो. शाळेत परिपाठ असतो, मूल्यशिक्षणाचा तासही असतो. रविवारी आपण धर्मशिक्षणाचे वर्ग चालवतो. पण आपला होकार किती खरा आहे याची परीक्षा मूल घरात बसून रोज घेत असते. दारावर आलेल्या माणसाला "बाबा घरी नाहीत" असे सांगायला आपण त्याला पाठवतो, तेव्हा त्या दिवसाचा मूल्यशिक्षणाचा तास संपलेला असतो.

जानेवारीत मी त्या जोडप्याला एवढेच विचारले, "शाळेत बाईंनी त्याला विचारलं, बाळ, तू कुठे राहतोस? तर त्याने काय सांगायचं?" वडिलांनी मुलाकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. मग मी दाखला लिहिला: वडिलांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, आजी इथे राहते, मुलगा शाळेनंतर आजीकडे थांबू शकेल, आणि कुटुंब सध्या अमुक धर्मग्रामात राहते. त्यांना वाचून दाखवला. तो घेऊन त्यांच्याबरोबर शाळेतही गेलो.

प्रवेश मिळाला नाही. या जूनमध्ये तो मुलगा आपल्या घराजवळच्या शाळेत जाणार आहे. मार्चमध्ये त्याचे वडील भेटले. मी विचारले, "अजून राग आहे?" ते म्हणाले, "थोडा आहे, फादर." मला त्यांचे उत्तर आवडले. तेही खरे होते.

म्हणून या शैक्षणिक वर्षासाठी माझी तुम्हाला तीन मागणी आहेत. ऑफिसातून खोटा दाखला मागू नका. मी देणार नाही, पण खरा दाखला घेऊन तुमच्याबरोबर कोणाच्याही दारात येईन. मुलाचे गुण कमी आले तर ते खरे आहेत याबद्दल आधी त्याची पाठ थोपटा, मग अभ्यासाचे बोला. आणि फी, पुस्तके किंवा प्रवेश यांची अडचण असेल तर संकोच न करता सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना अथवा मला भेटा. ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी त्यासाठी हात सैल सोडावा.

पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनी नाझरेथच्या साध्या घरात येशूला वाढवले. तिथे तो ज्ञानाने आणि परमेश्वराच्या कृपेत वाढत गेला, असे संत लूक सांगतो. आपल्या घरातली मुलेही तशीच वाढावीत म्हणून आज दप्तरांना आशीर्वाद देताना मी आणखी एक प्रार्थना करीन: ज्या हातांनी या मुलांच्या कागदांवर सह्या होतात, त्या हातांसाठी. त्यात माझाही हात आहे.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू